तुझ्या धवल्याची सीडी

आई, दादाच्या मुलीचं लग्न लागलं. मुलगा पाम गावचा, वायरमन आहे, शांत आहे, जेवताना मान वर करत नाही, तुला आवडला असता. जेवणावळ चांगली झाली, मांडवात पंखे पुरले नाहीत, वहिनीच्या माहेरच्यांनी रुसायचं तेवढं रुसून घेतलं. ते सगळं ठीक. पण मला तुला सांगायचंय ते धवल्याचं. आणि धवल्याचं सांगायचं तर आधी एका जुन्या लॅपटॉपचं सांगावं लागतं, म्हणजे नमनालाच घडाभर तेल जाणार. जाऊ दे. तू तरी कधी एखादी गोष्ट सरळ सांगितलीस? बाजारातून येऊन दोन वाक्यांची बातमी सांगेपर्यंत तुझी बोंबलांची अख्खी पाटी साफ करून व्हायची, आणि तोवर आम्ही तोंडाकडे बघत बसायचो.

धवला म्हणजे काय हे तुला मी काय सांगणार, पण माझ्या मुलीला सांगावं लागलं. ती आता पुण्याला असते, कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिला म्हटलं, "बाई, आपल्याकडे लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. मांडवाची मेढ रोवताना, हळद दळताना, हळद लावताना, ज्या त्या कामाचं गाणं, म्हणजे धवला, वेगळं. धवलारीण ओळ देते, मागच्या बायका झेलतात. ती थांबली की काम थांबतं." त्यावर ती म्हणते, "म्हणजे आजी इव्हेंट मॅनेजर होती!" घ्या. शिकवा पोरींना. पण खरं सांगायचं तर अगदीच चूक नव्हतं ते. आपल्या चिंचणीत तू पाटाजवळ येऊन बसल्याशिवाय कुठल्या नवरीला हळद लागली होती?

घोळ घातला तो भाचीनं. दादा म्हणाला, "आता धवला कोन बोलतं गो? डीजे सांगितलाय मी." तर ही उभी राहिली कमरेवर हात ठेवून. "डीजे नंतर वाजू दे किती वाजायचाय तो. हळद लागताना मला आजीचा धवला पायजे. नायतर मी पाटावर बसनार नाय." तुझाच वाण. लहान असताना लोकांच्या मांडवात तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची ना ती, तू गात असतेस आणि हिच्या तोंडातून लाळ गळतेय तुझ्या लुगड्यावर. ते तिच्या अंगात राहिलंय. वहिनीनं समजावलं, दादा ओरडला, काही उपयोग नाही. आणि गावात गाणार कोण? तुझ्या मागे बसून जन्मभर ओळ झेलणारी आपली शेजारची मावशी तेवढी उरलीय. तिला विचारायला गेलो तर तिनं सरळ सांगितलं, "मी झेलनारी हाय. कोनी ओळ दिली तर झेलीन. पुढची ओळ माज्याकडं नाय, ती तुजी आय घेऊन गेली." मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. धवलारणीची मुलगी! मला डोंबल येतंय!

आणि येणार तरी कसं? तुला आठवतं का ते? मी शाळेतून आले होते, तू स्वयंपाकघरात पाट्यावर कालवणाचं वाटण वाटत होतीस. आदल्या दिवशीच्या लग्नातली एक ओळ माझ्या तोंडात बसली होती, ती मी दप्तर टाकता टाकता म्हणायला लागले. तू वळलीस आणि तो वाटणाचा ओला हात फाडकन माझ्या तोंडावर. "मांडव नाय, मेढ नाय, नि धवला कसला बोलतेस? धवल्यात ज्याला हाक मारली तो येतो. देव येतील, वाडवडील येतील, नि बघतील तर काय, एक शेंबडी पोर नि पाटा-वरवंटा! रिकामं परत लावशील त्यांना?" मिरचीनं माझे ओठ संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते. मग तूच ओल्या खोबऱ्याचा तुकडा आणून हातात ठेवलास. तेवढीच तुझी समजूत काढायची रीत. तर मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही, आणि शिकायचा तर मांडवातच, धवलारणीच्या मागे बसून, ओळ झेलत झेलत. तशी मी बसले काही वर्षं, अर्धी झोपेत. पुढे तारापूरच्या केमिकल कंपनीत लॅबमध्ये लागले, लग्न होऊन बोईसरला आले, आणि लग्नसराई व शिफ्ट यांची गाठ काही पडली नाही. यात कोणाची चूक नाही, ते तसं झालं.

ते कॉलेजवालेही येऊन गेले होते एकदा. एक सर आणि दोन मुली, टेपरेकॉर्डर घेऊन. तू त्यांना चहा केलास, तळलेली माशाची तुकडी खायला घातलीस, मुलींच्या आईबापांची चौकशी केलीस. सरांना वाटलं, जमलं. त्यांनी टेपचं बटण दाबलं आणि तू विचारलंस, "लगीन कोनाचं हाय?" सर म्हणाले, लग्न नाही, अभ्यासासाठी हवंय. "मग या लगीन निघालं का. या दोघींतल्या एकीचं जमवा, मी येते बोलायला." मुली लाजल्या, सर घामाघूम झाले, आणि शेवटी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन तिघं परत गेली. मी दारात उभी राहून हसत होते. आता वाटतं, हसायला काय झालं होतं मला? तुझं लुगडं आहे माझ्याकडे, तुझा कोयता आहे, फोटो आहे, ज्यात तू नुकतीच कोणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसतेस. आवाज मात्र कुठेच नाही.

म्हणजे एका ठिकाणी होता, असं आम्हाला वाटत होतं. दादाच्या लग्नात. तिथे मांडव होता, मेढ होती, त्यामुळे तू मोकळ्या गळ्यानं गायलीस, आणि पालघरहून आणलेला तो व्हिडिओवाला खांद्यावर बत्ती घेऊन कितीतरी वेळ तुझ्यासमोर उभा होता. मला पक्कं आठवतं, कारण दोन ओळींच्या मध्ये तू त्याच सुरात त्याला म्हणालीस, "बत्ती बाजूला घे रे, डोळं फोडतोस काय." त्याची सीडी दादाकडे टीव्हीखाली होती, मग स्टीलच्या डब्यात गेली. भाचीनं ती शोधून माझ्या हातात आणून ठेवली. "आत्या, तू काहीतरी कर. तू लॅबमध्ये असतेस." लॅबमध्ये मी ॲसिड तपासते, पण भाचीपुढे काय बोलणार! डिस्कवर पांढरट धुरकट आलं होतं. शेजारच्यांच्या प्लेअरमध्ये घातली तर तो म्हणाला डिस्कच नाही. बोईसर नाक्यावरच्या दुकानदारानं ती उजेडाला धरून बघितली आणि परत दिली. "मैडम, ये तो गयी। समंदर की हवा खा गयी इसको।"

आणि माझा तिथल्या तिथे विश्वास बसला. आपल्यातल्या कोणाचाही बसला असता. आपल्याकडे काहीही बिघडलं की खारी हवा. सायकलची चेन, फ्रिजचा तळ, दाराची कडी, मिक्सर, सगळ्यांचा खून तिनंच केलेला. दादा दहावीला नापास झाला तेव्हाही बाबा म्हणाले होते, पोराच्या डोक्याला खारं लागलं. एकदा खारी हवा म्हटलं की पुढे कोणी दुसरं कारण शोधत नाही, वस्तू गेली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी तरी काय वेगळी? लॅबमध्ये साधा रंग बदलला तर दहा कारणं तपासते, आणि इथे एका वाक्यावर डिस्क मयत मानून बसले. तरी वेड्या आशेनं कोणी सांगितलं म्हणून टूथपेस्ट चोळून, धुऊन, पदरानं पुसून बघितली. काही नाही.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, फेकू नकोस. माझा जुना लॅपटॉप कपाटात आहे ना, त्याला सीडीचा कप्पा आहे. आताच्यांना नसतोच. मी दिवाळीत त्यात लिनक्स टाकून ठेवलंय, चालेल तो." लिनक्स म्हणजे, आई, कॉम्प्युटर चालवणारी एक व्यवस्था. फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्रालाही पळवते, पण तिच्याशी तिच्याच रीतीनं बोलावं लागतं, जरा तुझ्यासारखीच. शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी. कपडे वाळत घातले, भात लावला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. कप्पा उघडला, डिस्क आत गेली, घरघर सुरू झाली, आणि पडद्यावर आलं, हा व्हिडिओ चालवायला लागणारं सॉफ्टवेअर इथे नाही, शोधू का? म्हटलं शोध बाबा. तर म्हणे इंटरनेट नाही. अरे, घरात वाय-फाय आहे, माझ्या मोबाइलवर चाललंय! मोबाइल कानाला लावून मुलीला वाचून दाखवलं, "वाय-फाय अडॅप्टर सापडला नाही." आणि वर मीच म्हटलं, "खारी हवा."

ती जी हसत सुटली! "आई, तो तुकडा आत ठणठणीत आहे. त्याला चालवणारी फाइल ह्या लिनक्ससोबत येत नाही, वेगळी आणावी लागते. मी विसरले टाकायला."

"कुठून आणायची?"

"इंटरनेटवरून."

"आणि इंटरनेट कशानं येतं?"

"वाय-फायनं."

म्हणजे विहिरीतून पाणी काढायला दोर हवा, आणि दोर पडलाय विहिरीत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, ह्यापेक्षा तुझा बाप बरा, तो निदान रुसला तर कशानं रुसला ते दुपारपर्यंत कळतं. पण पोरगी शांत, हे मात्र तिनं तुझ्याकडून घेतलेलं नाही. म्हणाली, मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोड, मोबाइलचं इंटरनेट त्याला दे. जोडला. मोबाइल चार्ज व्हायला लागला, बाकी ढिम्म. सेटिंग चालू केलं, बंद केलं, लॅपटॉप बंद करून सुरू केला, भात करपायला आला तो उतरवला. मग मला लॅबमधलं आठवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मी केबल बदलली. मोबाइलच्या खोक्यातली मूळ केबल लावल्याबरोबर जोडलं गेलं. पहिली मी स्टेशनबाहेरून घेतलेली होती, तिच्यातून नुसती वीज जाते, बोलणं जात नाही. स्वस्तातली ती.

मग तिनं एक काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगून ओळी लिहून घेतल्या. लिनक्सनं पासवर्ड मागितला. मी दाबतेय, दाबतेय, पडद्यावर एक टिंब उमटत नाही. म्हटलं, कीबोर्ड मेला. ती म्हणाली, "नाही गं, पासवर्ड दिसत नाही तिथे. तू लिहीत राहा." न दिसणारं कसं लिहू? "डोळे मिटून शुभं करोति म्हणतेस ना, तसं." दोनदा चुकलं, मग जमलं. ओळीच्या ओळी सरसर वर पळाल्या, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि वर कोपऱ्यात वाय-फायचा तो पंखा आणि आमच्या घरच्या नेटवर्कचं नाव! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण लाटणं घेऊन आली.

पण आगीतून फुफाट्यात. व्हिडिओचं सॉफ्टवेअर आलं, तरी डिस्क चालेना. मुलगी म्हणाली, डिस्कवरची फाइल कॉपी करून इकडे घे. कॉपी करायला गेले तर थोडीशी पट्टी सरकली आणि लाल अक्षरं आली, इनपुट-आउटपुट एरर. म्हणजे वाचता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलगी म्हणाली, मी बघून फोन करते. मी तशीच बसून राहिले. मनातल्या मनात तुझ्याशी भांडले सुद्धा. म्हटलं, जिंकलीस तू, मांडवाबाहेर आवाज काढायचा नाही म्हणाली होतीस, नाही काढलास. आता त्या पोरीला मी काय सांगू? ती पाटावर बसणार नाही, दादा सगळ्यांसमोर तिच्यावर हात उगारेल, आणि हळदीचा विचका होईल. हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

तिचा फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती. "आई, डिस्क खराब नाहीये! त्या काळच्या व्हिडिओ सीडीवर साध्या फाइलसारखं लिहीतच नसत. लिनक्सवर कॉपी करायला गेलं की चांगली डिस्कसुद्धा हीच एरर देते. कॉपी करायची नाही, डिस्क म्हणूनच चालवायची. दुसरा प्लेअर टाकू आपण." टाकला. त्यात डिस्क उघडा म्हटलं, व्हीसीडी निवडलं, आणि चालव म्हटलं. आई, खाऱ्या हवेनं त्या डिस्कला काहीही केलं नव्हतं. शेजारच्यांच्या प्लेअरची आतली काच मळलेली असणार, आणि नाक्यावरच्या त्या शहाण्यानं डिस्क लावून बघितलीच नव्हती. वर्षानुवर्षं ती डब्यात ठणठणीत पडून होती.

आधी गणपती आला, मग गुलाब, गुलाबातून दादाचं डोकं. मग मांडव. तळाला एक रेघ थरथरत होती, रंग विटले होते. मेढ दिसली, बायका दिसल्या, आणि मध्ये तू. हिरवं लुगडं, नाकात नथ, गुडघ्यावर हात आपटून ताल धरलाय, मागे काळ्याभोर केसांची मावशी. आवाज नव्हता. पण मला आवाजाचं भानच नव्हतं. अगं, किती तरुण होतीस तू! माझ्या मनात तू कायम म्हातारी. आणि ही समोर बसलेली बाई माझ्या आत्ताच्या वयाची, दंड भरलेले, दात सगळे जागच्या जागी. मी रडले. भातासमोर बसून सरळ रडले. मग नाक पुसून फोनवर मुलीला म्हटलं, "आवाज येत नाही गं." ती म्हणाली, "लॅपटॉप आवाज टीव्हीच्या वायरीला पाठवत असेल. वर स्पीकरच्या चिन्हावर जा, आणि लॅपटॉपचाच स्पीकर निवड." मी निवडला. आणि आवाज आला.

सिनेमाचं गाणं! व्हायोलिनं, बासरी, एक पुरुष आणि एक बाई एकमेकांना जन्मोजन्मीची वचनं देतायत. इकडे तुझं तोंड उघडतंय, हात गुडघ्यावर पडतोय, बायका माना डोलावून ओळ झेलतायत, आणि वर हे. मला वाटलं दुसरं काहीतरी चालू राहिलंय. सगळं बंद केलं, पुन्हा लावलं. तेच. मुलीनं सांगितलं, कधीकधी डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज असतो, एकेक ऐक. डावीकडे तेच गाणं, उजवीकडे तेच गाणं. त्या व्हिडिओवाल्यानं दुकानात बसून अख्ख्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती, आणि खालचा आवाज पुसून टाकला होता. तेव्हाची फॅशनच ती. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आई, ह्याला उपाय नाही. हा बिघाड नाहीये. हे असंच बनवलंय."

मी दादाला फोन लावून तोंडाला येईल ते बोलले. तो आपला शांतपणे, "अगो मग? सगळ्यांच्याच सीडीत गानी असायची. आयला तर लय आवडलेलं ते. शेजाऱ्यांकडं पुन्ना लावायला लावलं तिनं. बोलली, माज्या तोंडाला कसलं झ्याक गानं बसवलंय बघ!" हे मला माहीतच नव्हतं, मी तेव्हा शिफ्टला असणार. फोन ठेवून मी आधी हसले. हसता हसता थांबले. तू खूश होणारच. तेव्हा तुझा आवाज पहाटेपासून घरभर असायचा, गिऱ्हाइकावर, मांजरावर, बाबांवर. तो आणि सीडीत कोणाला हवा होता? कंटाळा यायचा आम्हाला त्याचा. आता कोणी तो मांजरावर ओरडलेला जरी दिला, तरी मी ऐकेन.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले आणि पुन्हा डिस्क लावली. ह्या वेळी आवाज बंद करून. नुसती तुला बघायला, दुसरा काही विचार नव्हता. तू ओठ मिटलेस आणि उघडलेस, आणि मला कळलं, 'मांडवाच्या'. हा शब्द 'मांडवाच्या' होता. माझेही ओठ हलले. पुढचं आपोआप आलं,

मांडवाच्या दारी गो, कोन कोन आयलं,
दर्याचं पानी गो, पावलाला लागलं.

अर्ध्या झोपेत झेललेली ओळ, इतकी वर्षं कुठे बसली होती कोण जाणे. मुलीनं सांगितलं, प्लेअरला चित्र सावकाश चालवता येतं. मग मी तुला सावकाश चालवलं. थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा चालवलं. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या सांगण्यावरून थांबत होतीस! आणि रविवारी शिफ्ट सुटल्यावर रिक्षा करून मावशीला चिंचणीहून बोईसरला आणलं. ती पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाली, "ही काळ्या केसांची भवानी कोन?" म्हटलं, तूच. "माजं थोबाड बघ कसलं फुगलंय," म्हणाली, आणि खूश झाली. मी तिला भीत भीत विचारलं, मावशी, इथे मांडव नाही, म्हणू का? तिनं विचार केला. "लगीन ठरलं ना? साखरपुडा झाला? मग देवांना कळलंय. आता हाक मारलीस तर रागावनार नाय. जरा लवकर आलो म्हनतील, बसतील." मी ओळ दिली. मागून तिची ओळ आली, धापा टाकत, पण अगदी तिथेच पडली जिथे पडायची. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला त्याचं काही नाही. "तोंड उघड," म्हणाली. "तुजी आय अशी पुटपुटत नव्हती."

असं करत जवळजवळ सगळं मिळालं. मेढीचं मिळालं, हळदीचं मिळालं. एकच जागा राहिली. देवांना बोलावून झालं की तू घरच्या गेलेल्या माणसांना हाका मारायचीस, ती. नेमकं तिथे त्या व्हिडिओवाल्याला भूक लागली असावी. कॅमेरा तुझ्यावरून निघून सरळ भाताच्या टोपांकडे गेला. टोप, झारा, वाढपी, वाफ, आणि परत आला तोवर तू हळदीवर पोचली होतीस. मावशीला विचारलं. ती म्हणाली, "तिथं आमी झेलायचो ते एवढंच, या गो या, मांडवाला या. हाका तीच मारायची." मी पुन्हा पुन्हा ते टोप बघितले. भाताच्या वाफेत काय दिसणार? शेवटी मावशीला सांगितलं, आठवलं मला. तिनं सुस्कारा टाकला आणि चहा मागितला.

हळदीच्या दिवशी दादानं डीजेवाल्याला गप्प बसवलं. भाची पाटावर बसली, हट्टी तोंड करून, अजून तिचा विश्वास बसलेला नव्हता. सगळ्यांनी मोबाइल वर धरले. शब्द गेले, सूर गेला, समोर नुसते मोबाइल. मावशीनं मागून मांडीला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. आणि मी सुरू केलं. पहिली ओळ मावशीनं एकटीनं झेलली. दुसरी पाच-सहा म्हाताऱ्यांनी. पुढे वहिनीसुद्धा. भाचीच्या गालावर हळद आणि पाणी एकत्र वाहत होतं, आणि दादा, सकाळपर्यंत डीजे डीजे करणारा, मेढीला धरून लहान पोरासारखा रडत होता. ती राहिलेली जागा आली. मी थांबले नाही. तिथल्या ओळी म्हणताना माझी नजर उगाच दाराकडे गेली, आणि बायकांनी झेललं, या गो या, मांडवाला या.

नंतर म्हाताऱ्या जवळ येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. "आयचाच धवला गो. शबुद इकडचा तिकडं नाय." मी हो म्हटलं. भाचीनं सगळं मोबाइलवर घेतलंय, त्याला 'आजीचा धवला' असं नाव दिलंय आणि पामपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना पाठवलंय. मावशीची नात तो पाठ करतेय. मी कोणाला काही बोलले नाही.

तुला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की तू ते पोस्टमनलाच ओट्यावर बसवून मोठ्यानं वाचायला लावायचीस, आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या बाजाराला ठाऊक व्हायचं. म्हणून हे लिहिलंय पण पाठवायचं नाही. कारण भाताच्या टोपांनी खाल्लेल्या जागी मी जे म्हटलं, ते तुझं नव्हतं, मीच रचलेलं होतं.

चिंचणीच्या वाटंनं गो, पाटी डोईवर,
नातीच्या हळदीला गो, ये तू लवकर.

लोक तुझं समजतात. समजू देत.